उष्टी रातांबी

जिभली बाजारात आली त्या वर्षीच्या लग्नसराईत पहिली फजिती झाली ती एका वरमाईची. कणकवलीच्या हॉलमध्ये ऐन पंगतीत तिच्या भाचीनं गंमत म्हणून मावशीच्या ओठांना जिभली टेकवली आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शिसं. वापरू नका." लिपस्टिक परदेशातून मागवलेली, डबी सोनेरी! वरमाईनं तिथल्या तिथं रुमालानं ओठ पुसले आणि तिच्या पाठोपाठ पंगतीतल्या निम्म्या बायकांनी. मला हा किस्सा कळला तेव्हा मी पुण्याच्या प्रयोगशाळेत टेबलावर बुक्क्या मारून हसले, कारण ती जीभ माझी होती.

म्हणजे एकटीची नाही, आमच्या सगळ्या गटाची. पण तिला चवी शिकवायचं काम माझ्याकडे होतं, आणि शिकवणारीला विद्यार्थ्याचा जास्तच पुळका असतो.

जिभली दिसायला काहीच नाही. नखाएवढी पारदर्शक चकती, फोनच्या पाठीला चिकटवायची. तिच्यावर कार्बनचा थर आहे, एका अणूच्या जाडीचा, आणि त्या थरावर डीएनएचे बारके तुकडे रोवलेले. आपल्या पेशींतला डीएनए वारसा सांभाळतो. या तुकड्यांना आम्ही दुसऱ्याच कामाला जुंपलं. प्रत्येक तुकडा एकच पदार्थ ओळखतो. कुणी शिसं, कुणी पारा, कुणी एखादा घातक रंग. ओळखीचा पदार्थ भेटला की तो तुकडा त्याला कवेत घेऊन आपली घडी घालतो आणि त्या घडीसरशी खालच्या कार्बनमधून वाहणारी वीज किंचित बदलते. अशा शेकडो बदलांची मिळून एक नक्षी उमटते. ती नक्षी वाचायला फोनमधल्या प्रोग्रामला मी शिकवलं होतं.

सुरुवात आम्ही ओठांपासून केली, कारण गालाला लावलेलं गालावर राहतं, पण ओठाला लावलेलं चहाबरोबर, भाकरीबरोबर पोटात जातं. रोज लिपस्टिक लावणारी बाई वर्षभरात कितीतरी लिपस्टिक खाते. लोकांना हे कळलं मात्र, दुकानांतल्या चकचकीत रांगा ओस पडल्या आणि जो तो 'नैसर्गिक, नैसर्गिक' म्हणून धावत सुटला. बीट, डाळिंब, जास्वंद, काय वाटेल ते ओठांना फासू लागले. इथं एक बारीकशी गंमत होती. जिभलीला 'नैसर्गिक' हा शब्दच कळत नाही. शिसंसुद्धा जमिनीतूनच निघतं.

पण मला स्वतःला त्याची फिकीर नव्हती. माझ्याकडे रातांबी होती ना!

रातांबी म्हणजे माझ्या चंपाआत्याच्या हातचा ओठांचा रंग. कुडाळजवळच्या आमच्या वाडीत ती आणि तिच्या गटाच्या बायका तो करतात. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या सालींचा अर्क आटवायचा, तवकिलाच्या पिठात मुरवून सावलीत वाळवायचा, पाट्यावर वाटायचा, आणि मुठेलात, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलात, थोडं मधमाश्यांचं मेण घालून घोटायचा. मग बांबूच्या नळ्यांत ओतायचा. मुठेल तर आमच्याकडे फुटलेल्या ओठांना पिढ्यान् पिढ्या लावतात. पंचक्रोशीतली नवरी रातांबीशिवाय बोहल्यावर चढत नसे. मी पुण्यात वर्षानुवर्षं तीच लावत होते, आणि प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी रंग बघून हेव्यानं मरत होत्या.

त्या मे महिन्यात कुडाळला 'हिरवा ठिपका' मेळा भरणार होता. ओठांचे नैसर्गिक रंग करणारे सगळे तिथं येणार, प्रत्येकाचा रंग मंचावर एकीच्या ओठांना लावणार, तिनं चहा प्यायचा, आणि मग मोठ्या पडद्यावर सगळ्यांदेखत जिभली. जो कसोटीला उतरेल त्याला हिरवा ठिपका आणि देशभरची दुकानं उघडी. आत्यानं नाव दिलं होतं. ओठ असणार होते तिच्या मुलीचे, हेमांगीचे. हेमा सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि गरोदरपणाचं तेज अंगावर असलेली ती मंचावर कशी दिसेल या विचारानंच मला हर्षवायू होत होता. मी उतावळ्या नवऱ्यासारखी गुडघ्याला बाशिंग बांधून मेळ्याच्या आदल्या दिवशीच बॅटरीवरच्या एसटीनं वाडीत दाखल झाले.

खळ्यात सालींची लालभडक वाळवणं पसरली होती. आत्या नऊवारीचा ओचा खोचून तपेल्यात ढवळत होती.

"इलंस गो शर्वाणी? ओठ बघ कसे सुकले हत. आधी रातांबी लाव, मगे पाणी पी."

मी लावली. तोच तो झगझगीत लाल, किंचित जांभळ्याकडे झुकणारा रंग.

"आत्ये, उद्याच्या आधी एकदा घरी जिभली लावून बघूया?" मी सहज म्हटलं.

आत्याचा हात थांबला. "देवीक दाखवच्या आधी? जीभ लावतलंस?"

"अगं, यंत्राची जीभ ती."

"जीभ ती जीभ. उष्टा होता."

प्रत्येक घाण्यातली पहिली नळी सातेरीच्या पायाशी जायची. सातेरी आमची ग्रामदेवी, एक भलंमोठं वारूळ. तिला ओठ नाहीत, पण रातांबीचा पहिला मान तिचाच. नैवेद्य जसा चाखून बघत नाहीत, तशी रातांबीही आत्या कधी स्वतःच्या ओठांना लावून बघत नसे.

"बरं, मग देवीला दाखवल्यावर तपासू."

"मगे तो प्रसाद. प्रसादाक कोण पारखता?" आत्या ठसक्यात म्हणाली. "आणि हातच्या काकणाक आरसो कित्याक? उद्या ते लोक हेमाच्या ओठाक काय लावचा ता लावंदेत. ओठ तिचे."

म्हणजे आधी नैवेद्य म्हणून नाही आणि नंतर प्रसाद म्हणून नाही. मी हसून विषय सोडून दिला. एवढ्या वर्षांत रातांबीची तपासणी एकदाही झाली नव्हती, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात तेव्हा शिरलंच नाही.

दुपारी आत्या गटाच्या बायकांकडे गेली. हेमा पडवीत पाय पसरून सोलकढी पीत होती, ओठ लालचुटुक.

"ताई, माझ्या ओठाक लाव तुझी ती जिभली," ती डोळे मिचकावून म्हणाली. "उद्याची तालीम. आवशीक सांगूचा नाय." आवस म्हणजे आई, माझी आत्या.

मी जिभली टेकवली. फोन म्हणाला, "शिसं. वापरू नका."

हेमानं फोन माझ्या हातून घेऊन उलटसुलट करून बघितला.

"तुझी जिभली खोटा बोलता," हेमा म्हणाली.

मलाही तेच हवं होतं. मी चकती धुतली, स्वतःच्या ओठांना लावली. शिसं. दुसरी चकती काढली. शिसं. तिसरी, अजून पाकीटबंद होती ती फोडली. शिसं! हेमाचा हात पोटावर गेला.

शिशाची लबाडी ही की शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं. हाडं त्याला आपलं म्हणून ठेवून घेतात. आणि पोटात बाळ वाढायला लागलं की आईची हाडं बाळासाठी कॅल्शियम मोकळं करतात, त्याच्याबरोबर हेही सुटतं आणि नाळेतून पलीकडे जातं. बाळाचा मेंदू तेव्हा नुसता बांधला जात असतो. मोठ्या माणसाला न जाणवणारं शिसं तिथं महाग पडतं. मला हे पाठ होतं, मी यावर भाषणं दिली होती. आता ते माझ्या बहिणीच्या ओठांवर होतं आणि तिच्या आईनं ते मायेनं लावलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"चल," मी हेमाला उठवलं. "आधी दवाखाना."

तालुक्याच्या दवाखान्यात रक्त दिलं. निकाल सकाळी फोनवर येणार होता. परत आल्यावर स्वस्थ बसणं दोघींनाही शक्य नव्हतं.

"खयसून इला ता शोधूया," हेमा म्हणाली. रडायच्या ऐवजी तिला राग आला होता, आणि तिच्या रागानं माझ्या अंगातली भीती पळाली.

मग आम्ही स्वयंपाकघरावर धाडच घातली. मुठेलाचा गोळा: हिरवा, म्हणजे निर्धोक. मेण: हिरवं. तवकील: हिरवं. वाळलेल्या साली, ओल्या साली, बांबूच्या नळ्या, विहिरीचं पाणी, पाट्यावरचा वरवंटासुद्धा: सगळं हिरवं. प्रत्येक हिरव्याला आनंद व्हावा की चीड यावी तेच कळेना. सगळं चांगलं एकत्र केलं की वाईट कसं होतं?

"आणि शिजवता कशात ता?" हेमा म्हणाली.

चुलीजवळ आत्याचं तपेलं उपडं घातलं होतं. तांब्याचं, तिच्या आईकडून आलेलं, आतून कल्हई केलेलं. आरशासारखं चकचकत होतं. मी कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, थोडं आत ओतलं, जरा वेळ राहू दिलं, आणि त्यात जिभली बुडवली.

"शिसं. वापरू नका. वापरू नका." फोन थांबेचना.

मी अक्षरशः उडी मारली. "सापडलं! हेमे, सापडलं!" माझ्या डोक्यात एकदम सगळे दिवे लागले. कल्हई म्हणजे कथील. चांगल्या कथलात भीती नाही, पण कथील महाग, म्हणून कुणीतरी परस्पर त्यात शिसं मिसळून विकतं. शिशाचं कथील लवकर वितळतं, लवकर पसरतं, करणाऱ्यालाही सोपं जातं. नुसता भात शिजवला तर फार काही सुटत नाही. पण कोकमासारखं आंबट तासन् तास आटवलं की आंबटपणा धातू खरवडून घेतो. आणि तो सुंदर रंग! सालींतला लाल रंग आटवताना तपकिरीकडे झुकतो, पण कथील विरघळून त्याला बिलगलं की तो उजळतो, जांभळसर झळकतो. ज्या तपेल्यामुळे रातांबी रातांबी होती, त्याच तपेल्यातून शिसं येत होतं.

उडी मारून मी खाली आले तेव्हा दारात आत्या उभी होती.

मी सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं. आत्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग तपेल्याकडे.

"माझ्या आवशीचा तपेला ह्या," ती म्हणाली. "माझ्या आवशीक विषारी म्हणतंस?"

"तपेल्याचा दोष नाही, आत्ये. वरच्या कल्हईचा. पूर्वीची चांगली असेलही."

"दोन वर्सामागे नवो कल्हईवालो इलो," आत्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "तवापासून रंग आणखी खुललो. मी सगळ्यांका सांगी, बघा, हात बसलो माझो." मग तिचा आवाज एकदम चढला. "पुण्यात जावन हीच विद्या शिकलंस? घरात जीभ हाडून घरच्यांकाच चोर ठरवचा?"

मला रडू आलं. तेवढ्यात फोननं, मीच घालून दिलेल्या सवयीनं, नम्रपणे विचारलं, "हा निष्कर्ष नकाशावर टाकू?" गावोगावच्या जिभल्यांनी पकडलेल्या वस्तू या नकाशावर उमटतात, म्हणजे शेजाऱ्यांनी सावध व्हावं. वस्तूसोबत बनवणाऱ्याचं नावही. मी फोन पालथा घातला. आपल्याच कायद्यानं आपल्याच घरावर बोट ठेवायला माझा हात धजेना.

हेमा मात्र सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली. तिनं आत्याचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. बाळ आतून लाथ मारत असावं, कारण आत्या दचकली.

आत्या तपेल्याशी येऊन बसली. तिनं त्याच्या काठावरून बोट फिरवलं. मग तिनं फोन घेतला आणि गटाच्या बायकांना निरोप बोलली: "मी चंपा बोलतंय. रातांबी कोणी लावू नका. माझी चूक झाली हा. पोटुशी असतली ती उद्याच दवाखान्यात जावंदेत. कोणाक कोणाक दिलास ती नावा आठवा आणि निरोप पोचवा." तो निरोप पुसून परत बोलायचा प्रयत्न तिनं केला नाही.

"मगे?" फोन खाली ठेवून ती मला म्हणाली. "उद्या मेळ्यात काय तोंड दाखवचा?"

"नाव मागे घेऊया."

"गप ऱ्हव. ओठाक रंग देवचो म्हणान सांगितलंय, तो देतलंय. तू रसायनवाली मां? सांग रंग कसो खुलवचो, कल्हईशिवाय."

तिच्या या प्रश्नानं मला उभारी आली. आम्ही स्टीलच्या पातेल्यात नवा अर्क चढवला. रंग उतरला, पण मरगळलेला, पिकल्या चिंचेसारखा. हेमानं नाक मुरडलं. मी भराभर आठवत होते. फुलांतले लाल रंग एकटे असले की कोमेजतात, पण काही वनस्पतींतली आम्लं त्यांना खेटून उभी राहिली की रंग तग धरतो, गडद होतो. धातूचं काम झाडपाला करू शकतो. कुठला? ओवा? पुदिना? आणि माझी नजर दारातल्या वृंदावनाकडे गेली.

"तुळस!" मी ओरडले. "आत्ये, तुळशीचा काढा!"

"ओरडा नको. संध्याकाळ व्हवच्या आधी खुडूया, मगे तुळशीक हात लावीत नाय," म्हणत आत्या आधीच अंगणात पोचली होती.

काढा गाळून अर्कात ओतला आणि आम्ही तिघी पातेल्यावर वाकलो. तपकिरी लाल हळूहळू खोल जाऊ लागला. झगझगीत नाही झाला, जांभळी झाकही नाही. पण लाल झाला, पिकल्या रातांब्याच्या आतल्या गरासारखा. हेमा टाळ्या वाजवायला लागली. मी आत्याला मिठी मारली, तर तिच्या हातातला डाव माझ्या पाठीला लागला आणि ड्रेस कायमचा रंगला. आजही तो माझ्याकडे आहे.

अर्क तवकिलात मुरवून रात्रभर पंख्याखाली वाळवला, पहाटे वाटून घोटला आणि सकाळी नळ्या थिजल्या. हेमाचा निकाल आला: शिसं आहे, थोडं आहे. लावणं ताबडतोब बंद, कॅल्शियम आणि लोह चालू, महिन्यानं पुन्हा तपासू, बाळाची वाढ उत्तम. हेमानं तो मजकूर मोठ्यानं वाचला आणि आत्यानं डोळ्यांना पदर लावला.

मेळ्याला निघताना सातेरीचं देऊळ वाटेवरच लागतं. पहिली नळी आत्याच्या हातात होती. ती पायरीशी थांबली, आत बघितलं, आणि पुढे चालू लागली. मला वाटलं, गडबडीत विसरली.

कुडाळचं मैदान माणसांनी फुललं होतं. रंगीबेरंगी मांडव, मोठा पडदा, आणि प्रत्येक हिरव्यासरशी टाळ्यांचा कडकडाट. "रातांबी, चंपावती कोचरेकर आणि गट," अशी हाक आली. हेमा उठायला लागली, तर आत्यानं तिला खांदा दाबून खाली बसवलं. तिनं पिशवी उचलली आणि एकटीच मंचावर गेली. पिशवीतून तपेलं काढून टेबलावर ठेवलं. त्यात आगळ ओतलं.

"पयला ह्या तपासा," ती म्हणाली.

जिभली बुडाली. पडदा लालबुंद झाला. मागच्या रांगा उठून बघू लागल्या.

"ह्या तपेल्यात मी दोन वर्सा रातांबी केलंय. तुमच्या लेकीसुनांनी लावल्यानी. माझ्या पोटुश्या चेडवान लावल्यान. मी कधी तपासूक दिलंय नाय, उष्टा होतला म्हणान. ज्येंच्याकडे जुनी रातांबी आसा तेंनी हाडून देवा. आणि घरी कल्हईची भांडी आसतीत ती तपासून घेवा. कोकम, चिंच, ताक, काय ता आंबट शिजवच्या आधी." मग ती माझ्याकडे वळली. "शर्वाणी, तुझो तो नकाशो खंय हा? बटण खंयचा?"

मी धावत मंचावर गेले आणि फोन पुढे धरला. तिनं स्वतःच्या बोटानं, स्वतःच्या नावावर, बटण दाबलं. माझ्या बोटानं आदल्या दिवशी जे केलं नव्हतं ते.

"आणि ही काल स्टीलच्या पातेल्यात केलंय," म्हणत तिनं नव्या घाण्याची ती पहिली नळी काढली. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा चंपाआत्यानं रातांबी स्वतःच्या ओठांना लावली. आरसा नव्हता, थोडी बाहेर गेली. तिनं चहाचा कप उचलला, नेमाप्रमाणे घोट घेतले, आणि तोंड पुढे करून डोळे घट्ट मिटले.

पडदा हिरवा झाला आणि मैदान उठून उभं राहिलं. मी मंचावरच नाचले, खोटं कशाला सांगू! पंचांनी ठिपका दिला नाही. कालच कृती बदललेल्या घाण्याला आज ठिपका मिळत नाही, पुढल्या मेळ्यात या म्हणाले. आत्यानं ते ऐकलंसुद्धा नाही. मंचाच्या पायऱ्यांशी बायका जमल्या होत्या. कुणी पर्समधून जुन्या नळ्या काढून देत होत्या, कुणी विचारत होत्या, "आमचा पातेला बघशात?" त्या उन्हाळ्यात आमच्या भागातले कल्हईवालेसुद्धा फोनला जिभली चिकटवून फिरू लागले आणि भट्टी पेटवण्याआधी कथील दाखवू लागले.

परतीच्या वाटेवर आत्या देवळाशी थांबली. या वेळी ती आत गेली. वारुळासमोर तिनं नारळ ठेवला, खण ठेवला आणि वर ती नळी ठेवली. टोकाशी तिच्याच ओठांनी झिजलेली.

"आत्ये," मी हळूच म्हटलं, "उष्टी आहे ती."

"माका म्हायत हा." तिनं हात जोडले. तिच्या ओठांवरचा लाल रंग अजून तसाच होता. "आजपासून हीच रीत. पयली माझ्या ओठाक, मगे तुझ्या त्या जिभेक, मगे देवीक, आणि मगे लोकांच्या लेकीक. सातेरी रागवूची नाय गो. ती पण आवसच मां?"

हेमानं पुढे होऊन ओंजळ पसरली, आणि आत्यानं देवीसमोरची ती उष्टी नळी उचलून लेकीच्या हातात दिली.